चोवीस तास दार आपटू नका

वाडी नाक्याच्या अलीकडं, ट्रकांच्या बॉडी बनतात त्या गल्लीत
माझं शेड. मे महिन्यात तिथं एक घर आलं, चाकांवर.
मालक तितरमारे, वीज मंडळातून रिटायर.
त्रिमूर्ती नगरातला फ्लॅट विकून हे बांधलं म्हणे,
आत ओटा, पलंग, स्क्रूनं आवळलेलं देवघर.

"डावीकडून खडखड येते," काका म्हणाले.
"उजवीकडून," शकुनबाई म्हणाल्या,
आणि उतरताना दार असं आपटलं
की रेहानच्या हातचा पाना पडला.

मी नाणं घेऊन गाडीच्या अंगभर ठोकत गेलो,
कळमन्यात टरबूज ठोकतात तसं.
ठक. ठक. ठक.
ढप.
ढप म्हणजे आत जागा सुटली.
वरून पत्रा गुळगुळीत, रंग शाबूत,
खाली फ्रेमशी बोलणं बंद.
छपरीचा ब्रॅकेट तर नुसत्या बोटानं हातात आला,
मागे गोंदाचा चट्टा, चट्ट्यात अडकून वाळलेली एक मुंगी.

"कोणी चिकटवलं हे?"
काका कूलरकडे पाहू लागले.
"आधी पुसलं होतं का?"
"पुसलं होतं ना बाप्पा."
"लुंगीनं," बाई आतून म्हणाल्या.

जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही.
हे मी कोणाला उद्देशून म्हणत नाही,
डब्यावरच छापलेलं असतं.
दोन दिवस आम्ही खरवडत होतो,
पटाशी, तार, ऐंशी नंबरचा कागद,
रेहानच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

पत्रा दिवसा तव्यासारखा, म्हणून पहाटे चारला उठलो.
ॲसिटोननं दोनदा पुसलं, प्रायमर मारला,
बंदुकीतून गोंदाची काळी वात ओढली.
कोपऱ्यांत तीन मिलिमीटरचे वॉशर ठेवले:
फार दाबलं तर गोंद सगळा कडेनं बाहेर येतो,
मध्ये काही उरत नाही.
मग शिकंजे, बांबूचे टेकू, भिंतीला पाय लावलेला जॅक.
गाडी अशी उभी, जशी हात-पाय बांधून
पेशंट ठेवलाय.

"किती वेळ?"
"चोवीस तास. हलवायची नाही.
आणि दार आपटू नका."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
जायला दुसरं घर नव्हतं.

हा गोंद हवेतलं पाणी पिऊन घट्ट होतो,
आणि नागपूरच्या मे महिन्यात हवेत पाणी कुठलं?
म्हणून कूलर फिरवून पत्र्याकडे लावला.
माणसं सेहेचाळीस डिग्रीत, पत्रा गारव्यात.
दुपारी काका ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले,
"लेकाचा आपल्यापेक्षा सुखात आहे," म्हणाले,
पण कूलर फिरवला नाही. एकदा टाकीत पाणीही टाकलं.

रात्री मी शेडमध्येच खाटेवर होतो.
आतून भांडण ऐकू येत होतं, पण कुजबुजत.
बहुतेक फ्लॅटचंच. मग लुंगीचं.
भांडं ठेवल्याचा आवाज नाही, पाय आपटल्याचा नाही,
इतकं जपून भांडत होते
की मध्येच एकजण म्हणालं, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."
आणि तिला ते परत म्हणावं लागलं.
दुसऱ्यांदा म्हणताना ते वाक्य छोटं झालं.
नंतर बराच वेळ फक्त कूलरचं पाणी.

सकाळी शिकंजे सोडले. नाणं घेतलं.
ठक. ठक. ठक. ठक.
काकांनी स्वतः ठोकून पाहिलं, चार जागी,
मग मुंगी होती तिथं पाचव्यांदा.
पैसे मोजले, पन्नासची नोट रेहानला वेगळी.

निघताना त्यांनी दार लावलं दोन्ही हातांनी,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावतात तसं.
इतकं हळू की खिटी बसलीच नाही.
अमरावती रोडच्या वळणावर ते उघडलं, हललं,
मी ओरडायला तोंड उघडलं तोच
आतून एक हात आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.
बांगड्या होत्या का, एवढ्या लांबून दिसलं नाही.
आवाजही आला नाही.