जसाच्या तसा

ओरोसच्या कोर्टामागे मला जी खोली दिली आहे
तिथे आधी झेरॉक्सचं मशीन होतं.
भिंतीवर त्याचा चौकोन अजून पांढरा.
त्या चौकोनाखाली बसते दूर्वी गिरप,
वय सहा, मुक्काम वेंगुर्ला,
ताबा वादात.

सकाळपासून दोन्ही वकिलांचे फोन येऊन गेले.
दोघांनाही माझ्याकडून एकच शब्द हवाय,
वेगवेगळा.

पहिल्या दिवशी ती उभी राहून बोलली,
शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तशी:
"माझ्या बाबांनी मला अयोग्य स्पर्श केला."
जोडाक्षरं चोख. एकही श्वास चुकीच्या जागी नाही.
मी लिहिलं: शिकवलेलं.
मग त्याखाली, स्वतःलाच बजावत:
शिकवलेलं म्हणजे खोटं नव्हे.
पाढेही शिकवलेलेच असतात.

दुसऱ्या भेटीत चित्र. सगळं काळं.
काळा खडू म्हणजे काळी रात्र
असं मी आता म्हणत नाही;
डब्यात कधीकधी तेवढाच उरलेला असतो.

बाप बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात.
बोलताना तळवे पुढे करतो, भेगाळलेले,
जणू मी तेच तपासणार आहे.
आई रडत नाही, सारखं पाणी मागते.
दोघंही मला खरी वाटली.
हे अहवालात लिहिता येत नाही.

चौथ्या भेटीला बाहेर शिपायाने डबा उघडला,
सुक्या बांगड्याचा वास आत आला,
आणि टेबलावर शिंपल्या मांडता मांडता
दूर्वी घरच्या बोलीत उतरली:
"मिया सांगलंय, दार लावू नुको."

कोणाला, कधी, कुठलं दार,
सगळे प्रश्न जिभेवर आले. गिळले.
एवढंच म्हटलं, "मगे?"

बराच वेळ पंखा.
बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा, तीनदा.
"मगे काय नाय. लायट गेली."
तिने एक शिंपली पालथी घातली
आणि दुसरी शोधू लागली.

संध्याकाळी टंकलेखकाने ते शुद्ध करून आणलं:
'दार बंद करू नका, असे मुलीने वडिलांना सांगितले.'
भला माणूस. त्यालाही मुलगी आहे.
'वडिलांना' हा शब्द त्याने
मायेपोटी घातला होता.

मी तो खोडला.
नुकोचा उकार परत आणला.
लायट परत लिहिली, गेलेली.
निष्कर्षाच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं,
तिथे शाईचा एक ठिपका राहिला.

सोमवारी तिला पुन्हा बोलावलंय.
मधले तीन दिवस ती कोणाकडे राहील
हे मला कोणी विचारलेलं नाही.