कारणाचा रकाना

गंगाखेड आगार. वाहक धुराजी कच्छवे.
रजेचा अर्ज, एक दिवस, मंगळवार.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
उगंच.

मी लिपिक. सव्वीस वर्षांची कारणं माझ्या कपाटात.
त्यात एकाच माणसाची सासू तीनदा वारली आहे,
पाठदुखी नेमकी सोयाबीनच्या काढणीला येते,
जावळ, सोयरीक, कोर्टाची तारीख, मूळव्याध,
सगळं शिक्क्यासह मंजूर.
हे एकच परत पाठवलं, लाल शाईत:
‘योग्य कारण नमूद करावे.’

अर्ज फिरून आला. शब्द बदलला नव्हता,
फक्त शुद्ध केला होता:
उगीच.

इनायत टाइमकीपर हसला. ‘खामखा लिहायचं की,
आमच्यात तेच म्हणतेत.
पाहिजे असो, नसो, तरीबी. वजनदार वाटतं.’

सोमवारी संध्याकाळी अर्ज टेबलावरच राहिला.
शब्द मात्र डब्याच्या पिशवीतून घरी आला.
बायको म्हणाली, उगं काय बघताव भिंतीकडं?
गल्लीतलं एक पोरगं रडत होतं, त्यानं उगंच मारलं मला.
आबा आठवले, चारचौघांत मी तोंड उघडलं की
डोळे वटारून म्हणायचे, उगं बस.
म्हणजे गप.
त्यांनीही कारण कधी दिलं नाही.

रात्री नात उठली. ताप नाही, पोट मऊ,
दूध पिऊन दोन तास झालेले,
तरी रडत होती जीव खाऊन.
सून तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिली
उगी, उगी, उगी
लेकराला तिनं काही विचारलं नाही.

मंगळवारी धुराजी आला नाही.
बुधवारी आला, बॅग लावून, दाढी करून.
‘कुठं गेलतास?’
‘कुठं न्हाई. परळीच्या गाडीत खिडकीला बसलो.
तिकीट काढून. जाऊन आलो.
बावीस वर्षं उभ्यानंच बघितला तो रस्ता.’
मी पेन उचललं.
‘हे लिहू नका, सायेब,’ तो म्हणाला,
‘हे कारण न्हाई. हे मागून सुचलं.’

बाहेर पालमची गाडी लागली होती,
लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते.
रकान्यावर पेन टेकवून
मी बराच वेळ
उगा राहिलो.