लोपचिन्हं संपली तेव्हा

नवव्या पानावर लोपचिन्हं संपली.
केसमधला तो बोटभर खण रिकामा,
तळाशी नुसती शिशाची भुकटी.
एडिनबरा, नोव्हेंबर, दुपारी तीनलाच गॅसबत्ती;
आम्ही अकरा जणी खिळे जुळवणाऱ्या,
पुरुषांच्या निम्म्या मजुरीवर.

युफीमियाच्या केसमधून मूठभर उसनी आणली.
ती एक प्रवचन जुळवत होती.
"देवाला लागत नाहीत," म्हणाली, "ने सगळी."

कथा एका चांदीच्या चमच्याची.
मी कथा वाचत नाही, जुळवते,
खिळ्यांवरची अक्षरं डोक्यावर उभी, आरशातली.
आणि कथा अशी उलटी धरली
की तिच्या खिशातलं काय काय खाली पडतं.

आधी पडलं वय.
मोलकरणीला लेखक "पोरगी" म्हणतो,
आणि तिसऱ्या पानावर तिचीच पोरगी लग्नाला आलेली.
नाव नाही. हात आहेत.
हात आले, हातांनी ट्रे ठेवला, लाल हात दाराआड गेले.
उरलेली बाई कुठे राहते कोण जाणे.
चमच्याला मात्र चार विशेषणं,
शिवाय मुठीवर घराण्याचं हरीण.

साहेब चिडले की वादळातला ओक.
ती रडली की पावसात उभी गाय.
ओक जुळवायला तीन खिळे.
गायीलाही तीनच.

"संशय घेतला गेला," असं लिहिलंय.
कुणी घेतला, ते मी तीनदा शोधलं;
एवढं मोठं घर, पण त्या वाक्यात
घरातलं कुणीच नव्हतं.

आणि ती बोलते तेव्हा
'विथ'चा शेवट छाटलेला, 'अँड'चा ड गेलेला,
जिथे तिथे टांगलेलं एक लोपचिन्ह,
जणू बाईचे पुढचे दात पडलेत
आणि लेखक एकेक भोक मोजून दाखवतोय.

माझी आई लीथला कपडे धुते. ती 'वि' म्हणते.
तिच्या तोंडात तो शब्द अख्खा असतो, अंड्यासारखा.
काहीही सांडलेलं नसतं त्यातून.
उलट साहेबलोक शिकारीहून येतात ते 'हंटिन' म्हणतच.
गाठोडं पोचवताना मागच्या दाराशी ऐकलंय मी,
शेवटचा ग ते वाइनबरोबर गिळून टाकतात.
लेखकाने तो उचलला, पुसला,
आणि जागच्या जागी ठेवून दिला.

म्हणून त्या एका ओळीत मी साहेबांचा ग काढला.
तिथे एक लोपचिन्ह बसवलं, प्रवचनातलं.

प्रूफ परत आलं. समासात निळी पेन्सिल:
हस्तलिखिताप्रमाणे.
फोरमन डॅल्ग्लीश पुढ्यात उभा,
"काय जेसी, डोळे गेले का?"
"हो," म्हटलं.
ग परत बसवला. अर्ध्या तासाची मजुरी गेली,
पण त्या अर्ध्या तासात मी शीळ घालत होते
असं युफीमिया सांगते.

घरी आई इस्त्री करत होती.
"चमचा सापडला का गं त्यांचा?"
"सापडला. बाईसाहेबांच्याच शालीत."
"मग?"
"मग बाईसाहेबांनी तिला क्षमा केली."
इस्त्री थांबली.
"कशाबद्दल?"

मी शेवटचा परिच्छेद पाठ म्हणून दाखवला,
मावळतं ऊन, गुलाब, ओलावलेले थोर डोळे,
आणि दाराशी कृतज्ञ हात, लालच.

आई हसली. इतकी, इतकी हसली
की इस्त्रीखाली कुणा वकिलाची बाही करपली.

शनिवारी पैसे कापले गेले.
कुणी कापले, ते चिठ्ठीत नव्हतं.