जन्मस्थळ

पासपोर्टावर माझ्या जन्माबद्दल एकच शब्द छापलाय:
कंधार.
तालुका, जिल्हा, नदी, कशालाच तिथं जागा नाही.

मँचेस्टरला काचेमागच्या पोरीनं तो बोटाखाली दाबून धरला,
ढेकूण सापडावा तसा.
"कंदाहार?"
नाही म्हटलं, कंधार. मन्याडकाठचं.
भुईकोट किल्ला आहे, खंदकात शेवाळ आहे,
एकतीस वर्षं मी तिथं भूगोल शिकवलाय.
हे सगळं माझ्या इंग्रजीत
एवढंच झालं: "नो, नो. स्मॉल प्लेस."

तिनं फोन उचलला.
मला बाजूला, निळ्या खुर्चीवर बसवलं.
वृषालीची आई गेल्यापासून दाढी राखली होती,
वर्षश्राद्ध व्हायचं होतं अजून.
शेजारी एक म्हातारा. विणलेली टोपी,
मांडीवर औषधांची पिशवी.
त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि जरा सरकला,
आपल्यातलं कुणी आलं की सरकतात तसा.
त्यानं दिलेली ती वीतभर जागा
मला सहन झाली नाही.

कसा उठलो, आठवत नाही.
मनगटावरचा लाल दोरा काचेला लावून म्हणालो,
"हिंदू, मॅडम. आय हिंदू. नॉट मुस्लिम."
तिला त्यातलं काय कळलं, देव जाणे.
कदाचित तोवर फोनवर कुणी नकाशाच उघडला असेल.
शिक्का मात्र पडला.
वळून पाहिलं नाही मी.
पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटांचा आवाज तेवढा आला.

परत आल्यावर ही गोष्ट गावभर सांगितली.
टपरीवर, पतसंस्थेत, दातांच्या दवाखान्यात, तोंड उघडं असतानासुद्धा.
"आपलं कंधार, अन् ती म्हणे कंदाहार!"
लोक पोट धरून हसायचे.
मधलं एक वाक्य गाळलं की गोष्ट जास्त रंगते,
हे पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं.

मखदूमभाई बोअरची मोटर खोलून तांब्याची तार भरत होते.
फेरे मोजताना ते बोलत नाहीत.
मीच बोलत राहिलो.
हसण्याच्या जागी थांबलो, ते हसले नाहीत.
फेरे संपले, तशी मान वर केली.

नईमोद्दीनचा पासपोर्ट परवाच आलाय.
बर्मिंगहॅमच्या कॉलेजात नंबर लागलाय त्याचा.
त्यावरही तोच शब्द.
माझ्याच वर्गातला पोरगा. धडा वाचून खाली बसला की
मी म्हणायचो, "शाबास! तुमच्यात असून
किती शुद्ध मराठी रे तुझं!"
वर्ग टाळ्या वाजवायचा.
तोही वाजवायचा.

"मंग गुरुजी, सुटले कसे तुम्ही?
काय सांगितलं तिला?"

पक्कड. वार्निशचा वास.
दुकानातला बल्ब माझ्या अगदी डोक्यावर.

"सांगितलं, जिल्हा नांदेड."

"जिल्हा नांदेड," ते पुटपुटले.
हौ, बरोबर, असं स्वतःलाच म्हणाले.
मग पुठ्ठ्यावर, तारेच्या हिशेबाखाली,
कानावरची पेन्सिल काढून लिहायला घेतलं.
"पोराला सांगतो. एवढंच म्हणायचं म्हणजे.
इंग्रजीत कसं लिहितात, तेवढं सांगा."

मी डिस्ट्रिक्टचं स्पेलिंग सांगितलं.
सावकाश. एकेक अक्षर.