जोड

व्हॉल्व्ह माझ्याच हातून फुटला.
मांजरावर ढकलता आलं असतं,
पण मांजर गेल्या हिवाळ्यातच गेलं.

लोरांत हेवीझला, गरम पाण्यात गुडघे शेकत,
परतायला अजून नऊ दिवस.
बाहत्तर साली त्यानं तो अ‍ॅम्प्लिफायर बांधला
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
माझ्या शेवया बाजूला सारून.
दोन व्हॉल्व्ह डावीकडे, दोन उजवीकडे.
पाहुण्यांना अजून सांगतो, चारही मूळचे,
एकदाही बदलले नाहीत.
त्यांच्यावरची धूळ मी पुसायची नाही,
घरातला एवढा एकच कायदा.

मी पुसली.

शनिवारी बुडापेस्टच्या टोकाला, जुन्या बाजारात गेले
फुटलेल्याचा जोडीदार लोकरी मोज्यात गुंडाळून.
पहिल्याच दुकानातला पोरगा म्हणाला, हा घ्या, कोरा,
खोक्यातून कधी बाहेरसुद्धा आलेला नाही.
किंमत ऐकून मी मोजा छातीशी धरला.

ओदोनबाची सगळ्यात शेवटी बसतो,
नळाशेजारी, सुटकेसमध्ये मीटर घेऊन.
त्यानं मोजा उलगडला, व्हॉल्व्ह खोबणीत बसवला,
म्हणाला, तापू दे.
आम्ही थांबलो. त्यानं मला खसखशीच्या रोलचा
टोकाकडचा तुकडा दिला, जिथं खसखस पोचलेली नसते.
काचेत आधी काहीच नाही,
मग आत कोणीतरी काडी ओढल्यासारखं
तांबूस.
काटा चढला, अडखळला.
"छत्तीस," तो म्हणाला,
डॉक्टर दाराबाहेर येऊन सांगतात तसा.
"नवा होता तेव्हा पन्नासच्या वर असणार."

मग पन्नासचाच द्या, मी म्हटलं, आणले आहेत पैसे.

"बाई, तरणा घोडा आणि म्हातारा घोडा
एका गाडीला जुंपले की गाडी खड्ड्यात.
खर्जात घरघर येईल. नवऱ्याला कान आहेत?"

कानच आहेत, मी म्हटलं. गुडघे नाहीत.

तेव्हा त्यानं टेबलाखालून बुटांचं खोकं ओढलं.
त्यात कोणी न घेतलेले, उतरलेले,
काचेवरची अक्षरं बोटांनी पुसली गेलेले,
चांदीचा डाग कडेनं तपकिरी पडलेले.
एकेक लावायचा, एकेक तापू द्यायचा.
एकतीस.
चव्वेचाळीस.
एक आत निळा झाला, तो सरळ बादलीत.
अठ्ठावीस. पुन्हा चव्वेचाळीस.
एक छत्तीसवर आला आणि माझा जीव भांड्यात पडतो तोच
हळूहळू तिसावर उतरला.
"हा फसवा," ओदोनबाची म्हणाला, रागावून नाही.
शेजारचे दुकानदार आवरायला लागले.
माझी बोटं गारठली, त्याची मात्र
काच धरून धरून गरम.

साडेछत्तीस.
दहा मिनिटांनी साडेछत्तीस.
त्यानं चष्मा काढून पुसला, परत पाहिलं.

दोन पावांचे पैसे घेतले.
लाल पेन्सिलीनं व्हॉल्व्हच्या बुडाशी एक फुली मारली,
माझी खूण, म्हणाला.
मग आमचा जुना उलटा करून जरा जास्तच वेळ बघितला
आणि काही न बोलता मोज्यात घातला.

घरी बसवताना खिडकीजवळ गेले.
बुडाचा उंचवटा खाचेत बसतो
तो बोटांना कळतो, डोळ्यांना नाही,
तरीही दोन्ही उलटे करून पाहिले.
दोन्हींवर फुली.
एक ओली वाटावी इतकी लाल.
दुसरी फिकट, विटकरी,
कितीतरी वर्षांची.

मी हिशोब मांडत बसले.
एटाच्या बाळंतपणाला मी पेचला महिनाभर होते.
आईच्या शेवटच्या दिवसांत सहा आठवडे.
परतले तेव्हा त्यानं एकदा, उगाचच,
सगळं घर झाडून ठेवलं होतं.

रविवारी तो आला. काठी दाराशी, कोट खुर्चीवर,
आधी बटण.
चौघांनाही तापू दिलं.
मान डावीकडे कलती करून बराच वेळ ऐकत राहिला.
मी शेवया चाळणीत ओतत होते.

"चांगलं वाजतंय," तो म्हणाला.
चारही मूळचे ना, मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
चाळणीतून पाणी गळत होतं.

"चारही," तो म्हणाला.