डोळे मोजताना

ताना सरोवराचं पाणी मागे हटलं की
जिथं चिखलात खुरांच्या वाट्या उरतात,
त्या गावात मला दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं
एक ताणकाटा, एक थर्मामीटर,
खिळ्याला टांगायचं धूर मोजणारं यंत्र
आणि दोन रकान्यांची वही देऊन.
डावीकडे लाकूड. उजवीकडे शेणाचा गॅस.

एमामा येशीमेबेतच्या घरी दोन्ही होतं.
तीन दगडांची चूल, काजळीनं इतकी माखलेली
की दगड कुठे संपतो नि अंधार कुठे लागतो कळेना;
आणि पलीकडे, विटांवर चढवलेली एका बर्नरची शेगडी.
तिची पिवळी नळी भिंतीतून आत आलेली,
नव्या पाहुण्यासारखी अवघडून.

पहिला आठवडा मी खुशीत होते.
लिटरभर पाणी: गॅसवर अकरा मिनिटं,
चुलीवर सतरा, तेही निलगिरी सुकी असली तर.
चूल पेटली की यंत्रावरचा आकडा
मागे कुत्रा लागल्यासारखा पळायचा.
गॅसवर तो जागचा हलत नव्हता.
निकाल लागलाच होता, फक्त सही बाकी.

मग बुधवार आला. बुधवारी इंजेरा.

तीन दिवस आंबलेल्या तेफच्या पिठावर बुडबुडे.
(अंगणातल्या टाकीतही नेमकं तेच चाललेलं:
अंधार, आंबणं, बुडबुडे.
हे मी समासात लिहिलं. देसालेनसरांनी पुढे खोडलं.)
परातीहून मोठा मातीचा तवा दगडांवर बसला.
खाली जाळ, कडेपासून मध्यापर्यंत सारखा,
वरून पिठाची धार, कडेकडून आत, गोल गोल,
आणि सुनेनं, वोर्कनेशनं, झाकण टाकलं.
उचललं तेव्हा त्यावर हजारो बारीक भोकं.

"डोळे म्हणतात यांना," एमामा म्हणाली.
"बिनडोळ्याचा इंजेरा पाहुण्यापुढे ठेवत नाहीत."
शालीच्या काठानं ती स्वतःचे पुसत होती.
लाल होते. डाव्यात सायीसारखं काही उतरलेलं.
यंत्र नऊशे नव्याण्णववर जाऊन थांबलं.
त्यापुढचं त्याला मोजता येत नव्हतं.

मी विचारलं, गॅसवर का नाही करत?
तिनं सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाली,
"टाकीला रोज दोन कॅन पाणी पाजावं लागतं.
आधी पाठीवर मोळी होती, आता कॅन आहे.
लाकडाला आम्ही सातजणी जायचो, बोलत.
पाण्याला मी एकटी जाते.
गोवऱ्या विकून मीठ यायचं, तेही गेलं."

मी डाव्या रकान्यात लिहायला घेतलं,
तर तिनं पेनावर हात ठेवला.

"पण हेही लिही. मध्यरात्री नातू रडतो,
तेव्हा दूध दोन मिनिटांत कोमट होतं.
चूल अशी उठत नाही कुणासाठी.
आणि कॉफी. कॉफी आता मी यावरच करते."
हे म्हणताना तिनं शेगडीची बटणं पुसली,
लेकराचं नाक पुसावं तशी.

दोन्ही रकाने भरले. बेरीज होईना.

शेवटच्या दिवशी, केवळ माझ्यासाठी,
तिनं तोच तवा गॅसवर चढवला.
निळी ज्योत मधोमध, रुपयाएवढी.
मध्यभागी इंजेरा भाजला, किंचित करपलाही;
कडा पांढऱ्या, ओल्या, कच्च्या.
तिनं तो दारातल्या उजेडात धरला,
आणि आम्ही तिघी डोळे मोजायला लागलो.
वोर्कनेश चाळीसवर थांबली. मी त्रेचाळीस म्हटलं.
"दोन चुकून मोजलेस," एमामा म्हणाली,
तिच्या त्या एका धड डोळ्यानं.

मग गोठ्यात जाऊन तिनं तो गाईपुढे टाकला.
गाईनं एका घासात संपवला.
"वाया नाही गेला," ती म्हणाली,
पिवळ्या नळीकडे हनुवटी उडवत,
"उद्या येईल परत."