सात नंबर

भुसावळच्या यार्डात एकतीस वर्षं
लांब दांड्याची हातोडी घेऊन
मी उभ्या गाड्यांच्या कडेनं चाललो.
चाकावर एक ठोका. कान तिरका.
धड चाक टण्ण म्हणतं,
तडा गेलेलं बद्द.

निवृत्तीनंतर गोल्फ. हसा.
फालकांचा वसंता तर भरिताच्या पंगतीत
सगळ्यांसमोर म्हणाला,
"कॅरेजवाले आता साहेब झाले, भो."

साहेब कुठला!
बदली होऊन गेलेल्या साहेबाचा जुना संच,
चौदातल्या नऊच काठ्या,
पिशवीची चेन तुटलेली, बाराशे रुपये.
आणि मैदान म्हणजे
कॉलनीच्या मागे, तापीकडच्या उतारावर
नऊ भोकं, बाभळी, भेगाळलेली काळी माती.
दोनदा फिरलं की अठरा.
इथलं पाणी केळीला पुरतं, हिरवळीला नाही,
म्हणून भोकाभोवती जळक्या तेलात मळलेली वाळू.
चेंडू लोटून झाला की फळी ओढायची,
आपली पावलं पुसायची
मागून येणाऱ्यासाठी.

सुभान तडवी तिथं चाळीस वर्षं पिशव्या उचलतोय.
माझी पकड पाहून म्हणाला,
"हातोडी सोडा अण्णा.
पिकलं केळ धरलंय समजा,
साल फुटायला नको."
मग म्हणाला, कंबर आधी, हात मागून.
मग, मारून झालं की तिथंच थांबा,
चेंडू कुठं पडला ते तो सांगेल,
तुम्ही मान वर करून विचारू नका.

मी सगळं लिहिलं. वही यार्डातलीच,
गाडी क्रमांकाच्या रकान्यात भोक क्रमांक,
दोषाच्या रकान्यात दोष.
पहाटे अंगणात काठी फिरवताना बघून
झोपेकाकूंनी भिंतीवरून विचारलं,
"साप निघाला का?"

एकशे अठरा. एकशे पंधरा. एकशे बारा.
आणि तिथंच गाडी उभी.
दिवाळी गेली, संक्रांत गेली, सिग्नल पडेना.
सात नंबरचा प्रत्येक फटका उजवीकडे,
त्याच बाभळीत, जणू तिथं माझी उधारी आहे.
पाय बदलले, पकड बदलली, चष्म्याचा नंबर काढून आणला.
गुडघ्याला तेल लावलं.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
सहाव्या भोकापाशी निंबाखाली उभा राहून
काठीची माती झटकायला
मी तिचं डोकं दगडावर सहज ठोकलं.

बद्द.

परत ठोकलं.
तळहातात ती ओळखीची थरथर,
शब्द अर्धवट गिळल्यासारखी.
डोकं चिमटीत धरून पिळलं,
केसभर फिरलं.
कुठल्या तरी उन्हाळ्यात आतला डिंक सुटला होता
आणि मी वर्षभर गुडघे तपासत होतो.

सुभान हसला नाही.
तंबाखू मळता मळता म्हणाला,
"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.
तुम्ही चाकवाले."

खडका रोडला त्याचा भाचा मोटारी भरतो.
त्यानं जुना डिंक खरवडला, नवा भरला,
दोन दिवस काठी माठाच्या सावलीत ठेवली,
पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

सोमवारी सकाळी, उन्हाच्या आधी,
टण्ण.
चेंडू दीपनगरच्या धुराड्याच्या रोखानं सरळ निघाला
आणि मी सुभाननं सांगितल्यासारखा तिथंच थांबलो,
चेंडूसाठी नाही,
आवाज विरेपर्यंत.

दोन फेऱ्या झाल्या. बेरीज केली.
पटेना, म्हणून सुभानकडून करवली.
एकशे नऊ.

म्हणजे तीन काठीचे होते.
वही उघडली, दोषाच्या रकान्यात
उरलेल्यांसमोर माझं पूर्ण नाव लिहिलं,
खाली तारीख, सही,
आणि सवयीनं शेरा:
चालण्यालायक. वेग कमी ठेवावा.